अडसर हरवलेले प्रेम : ‘धडक’च्या निमित्ताने

शशांक खेतान यांनी दिग्दर्शित केलेला ‘धडक’ हा हिंदी चित्रपट २० जुलै २०१८ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा मी तो तालुक्याच्या थिएटरात पाहिला होता आणि मध्यंतरापर्यंत हसलोही होतो, हे आधीच कबूल करतो. तो दुसऱ्यांदा पाहण्याचा योग आला तो आमच्या गावच्या मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात. मुलांनी एका शनिवारी ‘सैराट’ आणि पुढच्या शनिवारी ‘धडक’ असे दोन्ही चित्रपट भिंतीवर चादर लावून पाहिले आणि मराठीचा मास्तर म्हणून मला चार शब्द बोलायला बोलावले. पहिल्या शनिवारी चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी दिवा लावला नाही. दुसऱ्या शनिवारी शेवट यायच्या आधीच तीन-चार जण ताट-वाटी घेऊन मेसच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते.

चर्चेत सगळ्यांचे मत एकच पडले : हिरो-हिरॉइनला काम येत नाही. हे मत चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या अकरावीच्या एका मुलाने वेगळाच प्रश्न विचारला. ‘‘सर, तिच्या बापाला नेमकं खुपतंय तरी काय?’’ मी त्या वेळी जे काही उत्तर दिले ते मलाच पटले नाही. पुढील विवेचन म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रेमविनोदी कथेची रचना तशी साधी असते. दोघे असतात, त्यांच्यामध्ये एक अडसर असतो, आणि तो ओलांडताना त्यांची जी फजिती होते तिला आपण हसतो. शेवटी अडसर दूर होतो, मांडव पडतो. नट प्रेमाचा अभिनय करतो असे आपण सहज बोलून जातो. पण नुसत्या प्रेमाचा अभिनय करताच येत नाही. अभिनय होतो तो अडसराशी चाललेल्या झटापटीचा. चोरून बघायचे तर कोणापासून चोरून, चिठ्ठी द्यायची तर ती कोणाच्या हाती पडता कामा नये, हाक मारायची तर कोणत्या नावाने, या गोष्टी ठरलेल्या असल्या म्हणजे नटाच्या डोळ्यांना, हातांना, पावलांना काम मिळते. त्या ठरलेल्या नसल्या तर चांगला नटसुद्धा नुसता गोड हसत उभा राहतो. अडसर जितका खरा तितका नट खरा. माझ्या मते ‘धडक’च्या अपयशाचे मूळ येथे शोधले पाहिजे.

आपल्याकडच्या प्रेमविनोदी परंपरेत हे अडसर कोणते आहेत, ते एकदा पाहण्यासारखे आहे. किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ सालचे. त्यात अडसर काय, तर बलरामाला आपली बहीण दुर्योधनाला द्यायची आहे. अर्जुन हा सुभद्रेच्या आत्याचा मुलगा. कुळाचा प्रश्नच नाही, प्रश्न थोरल्या भावाच्या हट्टाचा. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त अडसर संशयाचा. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) सारा घोळ भाड्याच्या खोलीपायी होतो. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) तर मोठा बोलका नमुना आहे. या चित्रपटात नायक-नायिकेची नावेच प्रेक्षकाला कळत नाहीत. नाव नाही म्हणून आडनाव नाही, आणि आडनाव नाही म्हणून जात नाही, असे एखाद्याला वाटेल. पण ती मुलगी पुण्याला आलेली असते ती घरच्यांनी सुचवलेले स्थळ पाहायला, आणि तो मुलगा तेच स्थळ निघतो. म्हणजे चित्रपट सुरू होण्याच्या आधीच, पडद्याबाहेर, कोणीतरी सगळे जुळवून पाहिलेले आहे. मग दोघांना दिवसभर पुण्यात मोकळेपणाने भांडता येते. मी या कलाकृतींना वाईट म्हणत नाही. मुक्ता बर्वे यांचे काम मला अतिशय आवडते. मी म्हणतो ते एवढेच, की ज्या समाजात लग्नाचा सर्वांत मोठा अडसर जात हा आहे, त्या समाजाच्या प्रेमविनोदात तेवढा एक अडसर सोडून बाकी सगळे सापडतात.

हिंदी चित्रपटाने जातीला हात घातलाच नाही असेही नाही. बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ १९३६ सालचा. ज्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने संमेलनच रद्द केल्यामुळे न झालेले भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, आणि जातिनाशाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे असे मांडले, तेच हे वर्ष. चित्रपटात ब्राह्मणाचा मुलगा प्रताप आणि रेल्वे फाटकावरच्या चौकीदाराची मुलगी कस्तुरी यांचे प्रेम आहे. कस्तुरी झाल्या होत्या लंडनला शिकून आलेल्या देविकाराणी. कोरलेल्या भुवयांची ती कस्तुरी शेताच्या बांधावर बसते तेव्हा पाहुणी आल्यासारखी दिसते. अशोककुमार तर नुकतेच प्रयोगशाळेतून कॅमेऱ्यासमोर आलेले. त्यांचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना अखेरपर्यंत कळलेले नाही. शेवटी कस्तुरी मरते आणि प्रश्न मिटतो.

मात्र येथे घाईने असा निष्कर्ष काढू नये, की वरच्या थरातून आलेल्या नटाला हे जमणारच नाही. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये (१९५९) नूतन यांनी काय केले आहे ते पाहा. ‘मुलीसारखी’ आणि ‘मुलगी’ या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे त्यात ती पोर आयुष्य काढते, आणि नूतन यांनी ते अंतर मानेच्या एका झुकण्यात दाखवले आहे. ‘सुजाता’चे उत्तर मला मान्य नाही. सुजाताने रक्त द्यावे आणि मग आईने तिला लेक म्हणावे, म्हणजे माणूस म्हणून घेण्यासाठी आधी रक्ताची किंमत मोजायची, ही उपकाराची समता झाली. तरीही तेथे नटीला करायला काही होते, कारण पटकथेत अडसराचे नाव घेतले होते.

आता ‘सैराट’कडे येऊ. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी आला. त्याच्या शेवटाविषयी इतके बोलले गेले आहे, की त्याचा पूर्वार्ध हा उत्तम प्रेमविनोद आहे हे लोक विसरतात. पार्श्या, लंगड्या आणि सल्या यांच्या गप्पा, लहान पोराच्या हाती जाणारी चिठ्ठी, बुलेटवर आणि ट्रॅक्टरवर बसलेली आर्ची. विहिरीचा प्रसंग घ्या. आर्ची विहिरीत पोहणाऱ्या पोरांना बाहेर काढते, आणि ती तेथे आहे हे कळताच पार्श्या धावत सुटतो तो थेट पाण्यात उडी घेतो. आम्ही थिएटरात पोट धरून हसलो. पण विहीर कोणाची, पाण्यात आधी कोणी उतरायचे, बाहेर निघा असे कोणी कोणाला म्हणायचे, हे महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. २० मार्च १९२७ला महाडच्या तळ्यावर काय झाले ते ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते, त्या घरातल्या माणसाला त्या उडीत आणखी काही दिसते. दिग्दर्शकाने तेथे एक शब्दही उच्चारलेला नाही. पार्श्या धापा टाकत, लाजत, पाण्यातून वर बघतो, आणि आकाश ठोसर या नवख्या पोराला त्या क्षणी वेगळा अभिनय करावाच लागत नाही.

‘धडक’मध्ये करमाळ्याच्या जागी उदयपूर आले. क्रिकेटच्या सामन्याच्या जागी खाण्याची स्पर्धा आली. मासे धरणाऱ्या बापाच्या जागी हॉटेल चालवणारा बाप आला. साखरपट्ट्यातल्या पुढाऱ्याच्या जागी हवेलीतले रतनसिंह आले. ते आशुतोष राणा यांनी केले आहेत, आणि राणा नुसते उभे राहिले तरी माणूस दचकतो. पण ते चिडतात कशासाठी? उंच जातीचा एखादा ओझरता उल्लेख येतो आणि जातो. मधुकर आणि पार्थवी या दोघांचीही घरे रंगवलेली, दोघांचेही कपडे परीटघडीचे. दोघे शेजारी उभे केले तर त्यांच्यात अंतर कोणते, हे सांगायला कॅमेऱ्याकडे काही नाही. पाणी येथेही भरपूर आहे, पण ते पर्यटकाच्या डोळ्याने पाहिलेले तळे आहे. त्या पाण्याला कोणी बाटवू शकत नाही.

आता नटांकडे. जान्हवी कपूर यांचा हा पहिला चित्रपट होता. इशान खट्टर यांनी त्याआधी माजिद मजिदी यांच्याकडे काम केले होते. ते नवखे होते म्हणून फसले असे म्हणावे, तर रिंकू राजगुरू ही अकलूजची शाळकरी मुलगी त्यांच्याहून नवखी होती, आणि तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली. तेव्हा नवखेपणा हे कारण नाही. सिनेमावाल्यांच्या घरातली मुले म्हणून त्यांना जमले नाही, हेही मला अपुरे वाटते. त्यावर पुढे बोलतो.

पहिली अडचण भाषेची. आर्ची बोलते ती तिच्या शिवारातली भाषा. तिच्या शिव्याशाप, तिचे हुकूम, तिची लाडीगोडी सगळे एकाच गळ्यातून येते. पाटलाच्या पोरीचा माज त्या हेलातच आहे, त्यामुळे माज वेगळा दाखवावा लागत नाही. पार्थवीच्या तोंडी मेवाडीचा हेल घातला आहे तो भाजीवर शेवटी भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखा. रागाच्या वाक्याला तो असतो, रडण्याच्या वाक्याला नसतो. मालकिणीच्या जरबेने बोलायच्या ठिकाणी जान्हवी लाडक्या मुलीच्या हट्टाने बोलतात, आणि मग प्रेक्षकाला ही मुलगी वाड्याचा दरवाजा ओलांडताना काय सोडून चालली आहे हे कळत नाही. इशान अधिक कष्ट घेतात. त्यांच्या अंगात लवचिकपणा आहे, डोळे बोलके आहेत. पण कशाला भ्यायचे हे माहीत नसलेला माणूस जसा घाबरल्याचे सोंग करतो, तसे त्यांचे बरेच ठिकाणी झाले आहे. ‘झिंगाट’ दोन्हीकडे आहे, अजय-अतुल दोन्हीकडे आहेत. एका ठिकाणी गावातली पोरे नाचतात आणि दुसऱ्या ठिकाणी बसवलेला नाच नाचतात. याहून अधिक त्यावर लिहिण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण श्रमाची. ‘सैराट’ जवळजवळ तीन तासांचा आहे, ‘धडक’ सव्वादोन तासांच्या आसपास. मधला वेळ कुठे गेला? तो बराचसा हैदराबादच्या झोपडपट्टीतला आहे. तेथला वास, संडास, बाटल्यांच्या कारखान्यातली आर्चीची नोकरी, सुमनअक्काची डोशाची गाडी, आणि प्रेमात पडलेल्या दोघांचे एकमेकांवर उखडणे. बुलेटवर बसणारी पोरगी पाण्याची बादली उचलायला शिकते. तिचे हात बदलतात, चालणे बदलते. तिकडे गावी पार्श्याचा बाप जातपंचायतीपुढे उभा असतो, म्हणजे जातीचा फास दोन्ही बाजूंनी आवळला जातो. ‘धडक’ने ही सगळी खरकटी कामे आटोपशीर केली. कोलकात्याच्या खोलीत दुःखसुद्धा नीटनेटके आहे. कष्ट न दाखवता कष्टाने थकलेला चेहरा नटाकडून मागितला, तर तो बिचारा कुठून आणणार?

या ठिकाणी मला स्वतःचे काही सांगितले पाहिजे. ते सांगायचे नव्हते, पण त्यावाचून अभिनयाविषयीचे माझे म्हणणे अपुरे राहील. २००९ साली माझ्या वर्गातला एक बौद्ध मुलगा आणि त्याच वर्गातली एका बागायतदार घरातली मुलगी मला स्टाफरूममध्ये भेटायला आली. त्यांना नोंदणी पद्धतीने लग्न करायचे होते आणि तिसरा साक्षीदार मिळत नव्हता. मुलगी हसत होती, थट्टा करत होती, सर तुम्ही फक्त सही करा, पेढे आम्ही आणतो म्हणत होती. एवढे बोलताना तिने खुर्ची अशी तिरकी घेतली होती, की दार तिच्या नजरेत राहावे. बाहेर चप्पल वाजली की तिचे हसू तसेच राहायचे, फक्त आवाज बंद व्हायचा. मी म्हणालो, आधी परीक्षा होऊ द्या. ती दोघे माझ्याशिवाय पुढे गेली. विशेष विवाह कायदा १९५४चा. त्याप्रमाणे लग्नाची नोटीस कचेरीत तीस दिवस लावावी लागते. ती आठवडाभरात तिच्या गावात पोचली. तिचे लग्न दुसरीकडे झाले. मुलगा पुण्याला कंपनीत गेला तो पुन्हा गावात आला नाही. पुढे एका वकील मित्राने मला सांगितले, की १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्धही येतात. त्या दोघांना त्या कायद्याखाली विधी करून लग्न लावता आले असते, नोटिशीची गरज नव्हती, नोंदणी नंतर झाली असती. मला तेव्हा हे ठाऊक नव्हते. खरे म्हणजे मी चौकशी केली नाही, कारण मला त्यात पडायचे नव्हते.

त्या मुलीचे ते तिरके बसणे मी विसरू शकत नाही. ‘धडक’मधली पार्थवी पळून गेल्यावर ज्या खोलीत राहते, तेथे ती एकदाही दाराकडे तोंड करून बसलेली मला दिसली नाही. जान्हवीला हे सुचायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. कोणीतरी तिला सांगायला हवे होते, की या मुलीला दार कुठे आहे हे झोपेतही माहीत असते.

शेवटाविषयी थोडे. ‘सैराट’मध्ये दोघेही मारले जातात आणि मूल रक्तात पावले उमटवत बाहेर येते. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल यांना वरून फेकले जाते आणि मुलगी वाचते. वास्तवाशी हे फार विसंगत आहे असे नाही. जातीबाहेरच्या प्रेमात खालच्या जातीचा मुलगा मारला जातो आणि मुलगी घरच्यांची इज्जत म्हणून जिवंत ठेवली जाते, हे आपल्या राज्यात घडले आहे. पण चित्रपटाने मधुकरला खालचा म्हटलेलेच नसल्यामुळे तो मेला की धक्का बसतो, अर्थ लागत नाही. खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या दलित मुलाला वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारले गेले. त्या खटल्यातले आरोपी नोव्हेंबर २०१७मध्ये निर्दोष सुटले. सोनईच्या तिघा मेहतर तरुणांच्या २०१३च्या हत्याकांडात नाशिकच्या न्यायालयाने जानेवारी २०१८मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २७ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्तिवाहिनी’ खटल्यात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी राज्य सरकारांना निर्देश दिले. ‘धडक’ आला त्यानंतर चारच महिन्यांनी. म्हणजे नाव घ्यायला भीती वाटावी अशी गोष्ट उरली नव्हती. न्यायालयेसुद्धा ती मोठ्याने बोलत होती. निर्मात्यांनी जातीचे नाव गाळले ते गिऱ्हाईक बिथरू नये म्हणून, असे मला वाटते. गल्ला जमला, नटांचे मात्र नुकसान झाले.

याला पुरावा हवा असेल तर तो पुढच्या काळाने दिला आहे. त्याच निर्मितीसंस्थेने १ ऑगस्ट २०२५ रोजी ‘धडक २’ आणला. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटावरून शाझिया इक्बाल यांनी केलेला. त्यात नायकाची जात पहिल्यापासून उघड आहे, आणि परीक्षण मंडळाने पुष्कळ काटछाट आणि शब्दबदल करायला लावूनही ती उघडच राहिली. नायकाचा चेहरा काळवंडून दाखवला आहे तो प्रकार मला खटकला. दलित म्हणजे सावळा, असा रंगारी हिशेब अजून सुटत नाही.

त्याहून महत्त्वाचा ‘होमबाउंड’. नीरज घायवान हे आपली दलित ओळख जाहीरपणे सांगणारे दिग्दर्शक. त्यांचा हा चित्रपट मे २०२५मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि सप्टेंबरमध्ये आपल्याकडे आला. पोलीसभरतीच्या परीक्षेला बसलेले दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान, आणि पुढे टाळेबंदीतली पायपीट. यात मुसलमान मित्र झाले आहेत इशान खट्टर, आणि सुधा भारती ही शिकून वर येऊ पाहणारी दलित मुलगी झाल्या आहेत जान्हवी कपूर. निर्माते करण जोहर. म्हणजे ‘धडक’चीच दोन्ही माणसे आणि तेच घर. इशान यांनी येथे अपमान गिळणारा माणूस असा उभा केला आहे, की उदयपूरचा मधुकर हाच होता हे सांगूनही खरे वाटू नये. जान्हवी यांची भूमिका छोटी आहे. दलित मुलीच्या भूमिकेसाठी दलित नटी का मिळाली नाही, हा प्रश्न मी सोडून देणार नाही. तो विचारलाच पाहिजे. परंतु सुधा शिक्षणाविषयी बोलते तेव्हा जान्हवींच्या आवाजातला तो जुना लाडिक सूर गेलेला आहे, हेही मान्य करतो. सात वर्षांत माणसे शिकतात, हे त्यामागचे एक कारण. दुसरे असे, की येथे दोघांनाही आपण कोणासमोर उभे आहोत आणि आपले आडनाव विचारले गेले तर काय होईल, हे माहीत आहे.

हे सारे मी त्या अकरावीच्या मुलाला गेल्या आठवड्यात सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘म्हणजे सर, तिच्या बापाला जे खुपत होतं ते त्या सिनेमावाल्यालाच सांगायचं नव्हतं.’’ मग म्हणाला, तुम्ही त्या दोघांची गोष्ट सांगितली, त्यातला तो कायद्याचा नंबर मला लिहून द्या. मी कागदावर दोन्ही कायद्यांची नावे आणि वर्षे लिहून दिली. कोणासाठी हवे आहे ते मी विचारले नाही. येत्या शनिवारी वसतिगृहात ‘होमबाउंड’ लावायचे ठरले आहे; चादर धुऊन ठेवली आहे, असा मुलांचा निरोप आहे.